जुन्या लष्करी ट्रकात नवं डिझेल इंजिन : बदलायचं एक, जुळवायच्या दहा गोष्टी



१ जूनला बंदी लागली, होड्या वर ओढल्या की जेटीवर दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. इंजिन जुनं झालं, धूर काढतंय, स्पेअर मिळत नाही, आता बदलायचं. मग कुणीतरी सांगतो, "अमक्याकडे ट्रकचं इंजिन आलंय, अजून दमदार आहे, उचल आणि बसव. मिस्त्री चार दिवसांत फिट करून देईल."

बसवता येतं, यात खोटं काही नाही. पण इंजिन "बसलं" म्हणजे "जुळलं" असं नाही. हा फरक समजून घ्यायला आज होडी थोडी बाजूला ठेवूया आणि एका लष्करी ट्रकाची गोष्ट बघूया. जुन्या ट्रकात नवं डिझेल इंजिन घालण्याचं काम तिथे एका सैन्यानेही केलं आणि असंख्य हौशी लोकांनीही केलं. दोघांना एकच धडा मिळाला.

अडीच टनी ट्रक

अमेरिकन सैन्याचा एम-३५ नावाचा ट्रक १९५० च्या सुमारास सेवेत आला. कच्च्या वाटेवर अडीच टन माल नेणारा, म्हणून नावच पडलं अडीच टनी. पक्क्या रस्त्यावर तो पाच टनांपर्यंत नेई. तीन ॲक्सल आणि तिन्हींना इंजिनाची ताकद. व्हिएतनाम युद्धात चिखलातून, नदी-नाल्यातून हाच ट्रक चालला. चासी, ॲक्सल, डिफरन्शियल असे भक्कम, की आजही त्यातले बरेच ट्रक जिवंत आहेत.

सुरुवातीला त्यात पेट्रोल इंजिन होतं. नंतर आलं मल्टिफ्युएल इंजिन. सहा सिलिंडर, ७.८ लिटर, २६०० फेऱ्यांवर साधारण १३० अश्वशक्ती. युद्धात डिझेलच मिळेल याची खात्री नसते, म्हणून हे इंजिन डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, अडचणीला पेट्रोलसुद्धा पचवायचं. यामागची युक्ती जर्मनीच्या मान कंपनीची. पिस्टनच्या डोक्यात गोल वाटीसारखा खळगा आणि इंधनाचा फवारा हवेत न मारता त्या वाटीच्या भिंतीवर मारायचा. इंधन भिंतीवरून हळूहळू वाफ होऊन जळतं, त्यामुळे वेगवेगळी इंधनं चालतात.

हुशारीचं काम होतं. पण वर्षं गेली, ही इंजिनं बनायची थांबली, सुटे भाग जुन्या साठ्यातून शोधावे लागू लागले. ट्रक ठणठणीत आणि इंजिन म्हातारं, अशी गत झाली. आपल्याकडे सागवानी होडी चांगली आणि आतलं इंजिन गेलेलं असतं ना, तसंच.

सैन्याने काय केलं?

१९९० च्या दशकात अमेरिकन सैन्याने यातले काही हजार ट्रक पुन्हा बांधून घेतले. नव्या आवृत्तीचं नाव एम-३५ए३. इंजिन घातलं कॅटरपिलर ३११६. सहा सिलिंडर, ६.६ लिटरचं डिझेल. हेच ३११६ इंजिन बोटींसाठीही बनत होतं, बरं का.

आता बघा, त्यांनी नुसतं इंजिन बदललं नाही. त्यासोबत हाताचा गियरबॉक्स काढून ॲलिसनचा ऑटोमॅटिक घातला. मागची जोडीची चाकं काढून एकेक रुंद टायर लावले. टायरमधली हवा केबिनमधून कमी-जास्त करायची सोय केली. पुढचा बॉनेटचा भाग बदलला.

ज्यांच्याकडे पैसा, कारखाना, इंजिनियर सगळं होतं, त्यांनीसुद्धा "जुनं काढ, नवं घाल" असं केलं नाही. इंजिनापासून चाकापर्यंतची सगळी साखळी नव्याने जुळवली. मुद्दा हाच आहे.

हौशी लोकांचं आवडतं इंजिन

पुढे हे ट्रक लिलावात सामान्य लोकांच्या हाती आले. त्यांनी स्वतःच्या शेडमध्ये इंजिनं बदलायला सुरुवात केली. त्यातलं एक आवडतं इंजिन म्हणजे कमिन्सचं ६बीटी. ५.९ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो, वजन साधारण ५०० किलो. अमेरिकेत हे इंजिन १९८९ पासून डॉज पिकअपमध्ये मिळू लागलं, त्यामुळे जुनी इंजिनं भरपूर.

आपल्यालाही हे इंजिन परकं नाही. टाटा आणि कमिन्स यांची भागीदारीतली कंपनी १९९३ मध्ये जमशेदपूरला उभी राहिली आणि याच घराण्यातली इंजिनं टाटाच्या ट्रकांत आली. पुण्यात तर कमिन्स १९६२ पासून आहे. याच ५.९ लिटरच्या इंजिनाचा बोटीसाठीचा अवतारही आहे.

लोकांना हे आवडतं त्याची कारणं साधी. टायमिंगला बेल्ट नाही, चेन नाही, गियर आहेत. जुन्या मॉडेलमध्ये डिझेल पंप पूर्ण यांत्रिक, चालायला कॉम्प्युटर लागत नाही. एक खोड मात्र आहे. पुढच्या गियर कव्हरमागे एक छोटी लोखंडी पिन असते, ती वर्षानुवर्षांच्या कंपनाने सरकून गियरमध्ये पडू शकते. जाणकार मिस्त्री इंजिन बाहेर असतानाच तिच्यावर एक पट्टी मारून ती बंद करतो. सेकंडहँड इंजिन घेताना अशा खोडी माहीत असणं म्हणजे अर्धं काम.

आता एकेक गोष्ट घेऊ.

१. फेऱ्यांचा हिशोब

सगळ्यात आधी कागद-पेन्सिल. एम-३५ च्या जुन्या इंजिनाचे जास्तीत जास्त फेरे २६००. पाचवा गियर ओव्हरड्राइव्ह, प्रमाण साधारण ०.७९. डिफरन्शियल ६.७२ ला १. टायरच्या एका फेऱ्यात ट्रक अंदाजे ३.१५ मीटर पुढे जातो.

२६०० भागिले ०.७९, म्हणजे शाफ्टचे साधारण ३२९० फेरे. त्याला ६.७२ ने भागा, चाकाचे ४९०. गुणिले ३.१५ मीटर, म्हणजे मिनिटाला साधारण १५४० मीटर. ताशी ९२ किलोमीटर. ट्रकचा नोंदलेला वेग ताशी ५६ मैल, म्हणजे ९० किलोमीटर. हिशोब जुळतो.

आता ६बीटी घाला. त्याचे पूर्ण ताकदीचे फेरे २५००. वेग येतो ताशी ८९ किलोमीटर. उत्तम. पण कुणी १८०० फेऱ्यांचं जड, संथ इंजिन आणून बसवलं तर? वेग ६४ वर अडकेल. मग लोक म्हणतात, "इंजिन मोठं घातलं पण गाडी पळत नाही." इंजिनाची चूक नाही. पाच मिनिटांचा हिशोब केला नाही, ही चूक.

२. ताकद जाते कुठे?

६बीटीची पिळाची ताकद, म्हणजे टॉर्क, सुमारे ५४० न्यूटन-मीटर. पहिल्या गियरमध्ये ती साधारण पाचपट होते, खालच्या ट्रान्सफर गियरमध्ये आणखी दुप्पट, डिफरन्शियलमध्ये ६.७ पट. म्हणजे चाकापर्यंत ६५ पटीच्या घरात. वर थोडा टॉर्क वाढवला तरी खाली तो किती वाढतो बघा. चिखलात रुतलेल्या ट्रकाला रेस देऊन झटका मारला की मग शाफ्ट किंवा गियर तुटतो. नवं इंजिन जास्त ताकदीचं असेल तर क्लच, शाफ्ट, जॉइंट तेवढं पेलणारे आहेत का, हे आधी बघायचं. नाहीतर पंप खाली सेट करायचा.

३. इंजिन आणि गियरबॉक्सचं लग्न

डिझेल इंजिनांच्या फ्लायव्हील हाउसिंगची ठरलेली मापं असतात, एसएई नंबर म्हणतात त्याला. नंबर जितका लहान तितकं हाउसिंग मोठं. दोन्हीकडे नंबर एक असेल तर सोपं. नसेल तर मध्ये अडॅप्टर प्लेट. ही प्लेट लेथवर नीट कातलेली हवी. मध्यबिंदू मर्यादेबाहेर थोडा जरी हलला तरी बेअरिंग, क्लच, गियरबॉक्सचा पुढचा शाफ्ट हळूहळू खाऊन जातो. डायल गेज लावून तपासल्याशिवाय बोल्ट आवळायचे नाहीत. क्लच प्लेटचे दाते आणि टोकाचं पायलट बेअरिंगही जुळायला हवं.

४. माउंटिंग

नवं इंजिन लांबीला, उंचीला वेगळं. ऑइल संप पुढच्या ॲक्सलला लागतो का? स्प्रिंग पूर्ण दबली तर? ट्रक उभा असताना जागा दिसते, खड्ड्यात गेल्यावर नाही. शिवाय इंजिन थोडं जरी वर-खाली बसलं तरी प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि जॉइंट कंप मारू लागतो.

५. पाणी आणि उष्णता

डिझेल जाळून मिळालेल्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा शाफ्टला मिळतो. उरलेली काही सायलेन्सरमधून जाते आणि बरीचशी पाण्यातून काढावी लागते. १६० अश्वशक्ती म्हणजे १२० किलोवॅट. त्या इंजिनाच्या पाण्यात ८० ते १०० किलोवॅट उष्णता येऊ शकते असं धरूनच रेडिएटर निवडायचा. जुना रेडिएटर दिसायला मोठा असतो पण आतून चोंदलेला असतो. टर्बोनंतर हवा थंड करणारा कूलर असेल तर त्यालाही वारा लागला पाहिजे.

६. हवा आणि सायलेन्सर

टर्बो इंजिन हवा जास्त ओढतं. जुना एअर फिल्टर अपुरा पडला की काळा धूर, जास्त डिझेल, तापलेला टर्बो. सायलेन्सरचा पाइप अरुंद असला तरी तेच.

७. डिझेलची लाइन

जुन्या टाकीत तळाला गंज आणि गाळ असतो. नव्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये तो गेला तर खर्च मोठा. टाकी उघडून धुवा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. आणखी एक, डिझेल इंजिनात उरलेलं डिझेल टाकीत परत येतं. आधी पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत ही परतीची लाइन असेलच असं नाही, ती करावी लागते.

८. वीज

लष्करी ट्रक २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्या जोडून. पिकअपमधून काढलेलं इंजिन १२ व्होल्टचं. स्टार्टर, अल्टरनेटर, इंजिन बंद करायचा सोलेनॉइड, सगळं एका व्होल्टेजवर आणावं लागतं. हल्लीच्या कॉमन रेल इंजिनाला तर कॉम्प्युटर, सेन्सर, वायरिंग, पेडल सगळा संसार सोबत आणावा लागतो. वायरिंग कापून इंजिन आणलं तर ते नुसतं लोखंड आहे. आणि खाऱ्या हवेत प्रत्येक कनेक्टर म्हणजे उद्याचा बिघाड.

९. ब्रेक

एम-३५ चे ब्रेक तेलाचे, पण जोर हवेचा. ती हवा इंजिनावरचा कॉम्प्रेसर देतो. ट्रकच्या ६बीटीवर कॉम्प्रेसर मिळतो, पिकअपच्या इंजिनावर त्या जागी व्हॅक्यूम पंप असतो. हे न बघता इंजिन आणलं तर ट्रक चालेल, पण थांबणार नाही. शिवाय जुन्या एम-३५ ची ब्रेक लाइन एकच, एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. वेग वाढवायच्या आधी थांबायची सोय करा.

१०. कागद

गाडीच्या नोंदणी पुस्तकात इंजिन नंबर, इंधन, सगळं लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्यात बदल करायचा तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, काम झाल्यावर नाही. इंजिनाची खरेदी पावती नसेल तर घेऊच नका. कागद जुळत नसले तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

आपल्याकडचे ट्रक

आपल्या सैन्याच्या गाड्यांचं माहेर म्हणजे जबलपूर. मानच्या परवान्यावर बनलेला शक्तिमान ट्रक, निस्सानचा एक टनी आणि जोंगा जीप, ही सगळी जबलपूरची लेकरं. जोंगाच्या नावातच जबलपूर आहे. तिचं मूळ इंजिन पेट्रोलचं, सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं. सैन्याने लिलावात काढलेल्या जोंगा लोकांनी हौसेने घेतल्या, पण पेट्रोल परवडेना, म्हणून डिझेल इंजिनं घातली. पुढे जबलपूरच्या कारखान्यानेही डिझेल जोंगा काढली. पेट्रोल इंजिन जास्त फेऱ्यांचं, डिझेल कमी फेऱ्यांचं. डिफरन्शियल तोच ठेवला की ओढ भरपूर पण वेग कमी. वरचा पहिला मुद्दा इथे पुन्हा आला.

होडीला काय लागू होतं?

जवळजवळ सगळंच. पण तीन गोष्टी जास्त.

एक, पंखा. ट्रकात गियर बदलता येतो, होडीत पुढे जायला गियर एकच. पंखा ओढून घेतो ती ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. ८० टक्के फेऱ्यांवर पंख्याला साधारण ५१ टक्के ताकद लागते, १०० वर पूर्ण. म्हणून नव्या इंजिनाला जुना पंखा आणि जुना रिडक्शन तसाच ठेवला तर दोनच शक्यता. पंखा जड झाला तर इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचत नाही, काळा धूर काढत ओव्हरलोडमध्ये मरतं. हलका झाला तर नुसतंच ओरडतं, होडी ओढत नाही. पूर्ण रेस दिल्यावर माल भरलेल्या होडीत इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत गेलंच पाहिजे. ही परीक्षा घेतल्याशिवाय मिस्त्रीचं काम पूर्ण झालं असं समजू नका.

दोन, रेटिंग. ट्रक सपाट रस्त्यावर आपल्या ताकदीच्या निम्म्याहून कमीच वापरतो. चढ आला की थोडा वेळ जोर, मग उतार. दर्यात उतार नाही. जाळं ओढताना तासन्‌तास सारखा लोड. म्हणून एकाच इंजिनाला ट्रकात जितकी अश्वशक्ती लिहिलेली असते, तितकी बोटीत सतत काढता येत नाही. ट्रकचा आकडा बघून भुलू नका. सतत चालवायचा आकडा विचारा.

तीन, पाणी. ट्रकाच्या इंजिनात खारं पाणी थेट फिरवणं म्हणजे आतून कुजवणं. इंजिनात गोडं पाणी आणि कूलंट, त्याला थंड करायला हीट एक्स्चेंजर किंवा होडीच्या तळाला पाइप. एक्स्चेंजर असेल तर त्यातला झिंकचा तुकडा वेळेवर बदला. शाफ्टचं अलाइनमेंट होडी वर असताना करा, पण पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासा, कारण पाण्यात होडीचा आकार थोडा बदलतो.

पहिला स्टार्ट

ट्रक असो वा होडी, पंप उघडून जोडलेला असेल तर पहिल्यांदा चालू करताना एक माणूस हवेच्या तोंडापाशी फळी घेऊन उभा ठेवा. डिझेल इंजिन कधी बेकाबू पळू लागलं तर चावीने बंद होत नाही, हवा बंद केली तरच थांबतं. हात लावायचा नाही, कापड लावायचं नाही, सपाट फळीच. स्टार्ट करण्याआधी इंजिन नुसतं फिरवून ऑइल प्रेशर आलेलं बघा. टर्बोला कोरडं फिरवू नका. पहिल्या तासाभरानंतर पुन्हा सगळे बोल्ट, पाइप, क्लॅम्प हाताने तपासा.

शेवटचं

अमेरिकन सैन्याला त्या ट्रकात नवं इंजिन घालून आणखी काही वर्षं सेवा मिळाली, कारण त्यांनी जुळवणी केली. शेडमध्ये काम करणाऱ्या माणसांनाही यश येतं, पण कागद-पेन्सिलीने सुरुवात करणाऱ्यांनाच. जे आधी इंजिन विकत घेतात आणि मग माप काढतात, त्यांचे ट्रक अर्धवट उघडे पडून राहतात.

ट्रक बिघडला तर रस्त्याकडेला उभा राहतो, मागून येणारा कुणी मदत करतो. होडी उभी राहत नाही. ती वाहत जाते, आत आपली चार-सहा माणसं असतात आणि किनाऱ्यावर त्यांची वाट बघणारं घर असतं. म्हणून इंजिनात वाचवलेले पैसे जुळवणीत घाला.

इंजिन उचलायच्या आधी या पाच गोष्टी एका कागदावर लिहा : जुन्या इंजिनाचे पूर्ण फेरे आणि ताकद, नव्याचे पूर्ण फेरे आणि सतत चालवायची ताकद, गियरबॉक्सचं प्रमाण, पंख्याचा व्यास आणि पिच, आणि इंजिनाची पावती. तो कागद घेऊन सोसायटीत या. आपल्यातल्या जुन्या तांडेलांबरोबर आणि मिस्त्रींबरोबर बसून हिशोब करू. एक तास जाईल, पण पुढचा सीझन वाचेल.

३१ जुलैला बंदी उठेपर्यंत वेळ आहे. घाई नको.

दर्या राखो सगळ्यांना.